खेड्यात राहिलेला प्रभु

रविवारी उपासनेस जमल्यावर आपण सर्व उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. प्रभु येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे, तो मनुष्य झाला, आमच्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, आणि तोच आमचा धनी आहे, असे आपण एका स्वराने कबूल करितो. लहान मुलांसही ही वाक्ये तोंडपाठ असतात. परंतु सोमवारी सूर्य उगवला, म्हणजे कोणी केळीच्या बागेत पाणी धरावयास जातो, कोणी मजुरीस निघतो, कोणी बाजारात पाटी मांडून बसतो. आणि मग रविवारच्या त्या कबुलीचा व सोमवारच्या ह्या कामाचा काय संबंध आहे, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात उभा राहतो. कित्येक जण तर आम्हांस सरळ विचारितात, "पाळकसाहेब, देवपुत्र, देहधारण, पुनरुत्थान ह्या गोष्टी पंडितांच्या आहेत. आम्हां अडाणी लोकांस एवढेच सांगा की, खोटे बोलू नका, चोरी करू नका, दारू पिऊ नका. तेवढ्याने पुरे नाही काय?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. आमचे म्हणणे असे आहे की, तेवढ्याने पुरत नाही. खोटे बोलू नये हे फैजपुरात कोणास ठाऊक नाही? ते शिकविण्यासाठी देवाने आपला पुत्र पाठविला नाही. चांगले काय हे माहीत असूनही ते हातून घडत नाही, हेच मनुष्याचे दुखणे आहे. आणि प्रभूविषयीची जी सत्ये आपण मानितो, ती ह्या दुखण्यावरचे औषध आहेत. औषधाची बाटली फळीवर ठेवून तिचे नाव पाठ म्हटल्याने रोग जात नाही, हे खरे. पण म्हणून बाटली फेकून द्यावी असेही कोणी म्हणत नाही. ती उघडून औषध घ्यावे लागते.

आता आपल्या गावाच्याच इतिहासातील एका प्रसंगाकडे पाहू. सन १८८५ मध्ये राष्ट्रीय सभा स्थापन झाली, तेव्हापासून तिची अधिवेशने शहरांतून भरत आली. सभा खेड्यात भरावी अशी महात्मा गांधींची इच्छा होती, आणि तसे पहिले अधिवेशन सन १९३६ च्या डिसेंबरात, नाताळच्या सणानंतर दोनच दिवसांनी, आमच्या फैजपुरास भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. जागेस टिळकनगर हे नाव दिले होते. बंगालचे नामांकित चित्रकार नंदलाल बोस ह्यांनी बांबूसारख्या खेड्यातच मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी तिची शोभा वाढविली होती. शेतकऱ्यांच्या कर्जाचा व साऱ्याचा भार हलका व्हावा, अशा मागण्यांचा एक शेतीविषयक कार्यक्रमही तेथे मंजूर झाला. देशातील मोठमोठी माणसे आपल्या वाटेच्या धुळीतून चालत आली, ह्याचा अभिमान यावल आणि रावेर तालुक्यांतील लोक अजून बाळगतात, आणि तो बाळगावा हे योग्यच आहे.

तथापि अधिवेशन संपले, मांडव उतरले, पाहुणे आपापल्या गावी परतले. ह्यात त्यांचा दोष नाही. पाहुण्याने परत जावयाचेच असते, आणि त्यांस देशभर कामे होती. आम्ही ही गोष्ट सांगतो ती राजकारणासाठी नव्हे, तर तिच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी म्हणून. ज्या प्रभूचा जन्मदिवस तेव्हा नुकताच झाला होता, तोही एका खेड्यात आला होता; पण तो दोन दिवसांचा पाहुणा म्हणून आला नाही. तो तेथे राहिला.

नासरेथ हे इतके लहान गाव होते की, जुन्या करारात त्याचे नावसुद्धा कोठे आढळत नाही. फिलिप्पाने त्या गावाचे नाव घेतले, तेव्हा अशा ठिकाणाहून काही चांगले कसे निघेल, अशी शंका नथनेलाने काढली, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आपण वाचितो. लूक सांगतो की, प्रभूने आपले कार्य आरंभिले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. आणि त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी तो वधस्तंभी दिला गेला. म्हणजे त्याच्या पृथ्वीवरील आयुष्याच्या अकरा हिश्शांपैकी सुमारे दहा हिस्से त्या अप्रसिद्ध खेड्याशी बांधलेले होते. तेथे त्याने सुताराचे काम केले. पुढे तो उपदेश करू लागला, तेव्हा त्याच्या तोंडी दृष्टांत आले ते पेरणीचे, जुवाचे, खमिराचे, दिव्याचे, ठिगळाचे, हरवलेल्या नाण्याचे, आणि काम मिळेल ह्या आशेने बाजारात उभ्या राहिलेल्या मजुरांचे. हे ज्ञान त्याने पुस्तकातून घेतले नव्हते. त्याने ते डोळ्यांनी पाहिले होते.

येथे पहिल्या सत्याचा उलगडा होतो. प्रभु येशू खरा देव आहे आणि खरा मनुष्यही आहे. ह्या एका गोष्टीसाठी प्राचीन मंडळीत मोठे वाद झाले. पुत्र हाही देवाने उत्पन्न केलेला आहे, असे अरियस नावाचा एक वडील शिकवू लागला, तेव्हा सन ३२५ मध्ये नाइसीया नगरात परिषद भरून तिने ठरविले की, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. पुढे सन ४५१ मध्ये खल्केदोन येथील परिषदेने सांगितले की, त्या एकाच प्रभूमध्ये देवपण व मनुष्यपण ही दोन्ही पूर्ण आहेत. त्यांची भेसळ होत नाही, आणि ती एकमेकांपासून तुटतही नाहीत. हे शब्द जड वाटतात खरे; पण त्यांतून शेतमजुरास काय लाभ होतो तो पाहा. प्रभु केवळ मनुष्य असता, तर त्याचे चरित्र म्हणजे एका सज्जनाची दुःखी कहाणी झाली असती. थोर संत आपल्या महाराष्ट्रात थोडे झाले नाहीत. त्यांचा आपण मान राखितो. पण त्यांपैकी कोणीही आपले पाप स्वतःवर घेऊ शकत नाही. उलटपक्षी, तो केवळ देव असून त्याने मनुष्याचे नुसते रूप घेतले असते, तर बहुरूप्याच्या सोंगासारखे ते झाले असते; मग त्याची भूक ही भूक नव्हती, त्याचे अश्रू हे अश्रू नव्हते, आणि त्याचा थकवा हा थकवा नव्हता.

शेजारी आपणांस विचारितात की, मग तुमचा ख्रिस्त हाही एक अवतारच ना? ह्यावर त्यांच्या श्रद्धेचा उपहास न करिता नम्रतेने सांगावे की, आम्ही जे मानितो ते थोडे निराळे आहे. देवपुत्र एकदाच मनुष्य झाला. त्याने धारण केलेला देह त्याने काम संपल्यावर टाकून दिला नाही. आणि तो दुष्टांचा संहार करावयास आला नाही, तर दुष्टांसाठी, म्हणजे तुमच्याआमच्यासाठी, मरावयास आला.

हे जर खरे असेल, तर कामाविषयीची आपली सारी समजूत बदलली पाहिजे. ज्या हातांनी जग केले, त्याच हातांनी लाकूड तासले. मग कोणते कष्ट हलके? शेणाची पाटी उचलणारी बाई आणि शाळेत पाटीवर लिहिणारा मास्तर ह्यांत मोठे कोण, हा वादच नासरेथात संपतो. आपल्यांतील पुष्कळांच्या पूर्वजांस त्यांच्या कामावरून नीच ठरविण्यात आले होते. त्या अपमानाचा डाग प्रभूने आपल्या हातांच्या घट्ट्यांनी पुसला आहे. परंतु ह्याची दुसरी बाजूही आहे. जो काम करितो त्याने धन्याची पाठ वळताच हात आखडू नये. आणि आपल्यांपैकी ज्यांस देवाने जमीन दिली आहे व ज्यांच्याकडे सालदार किंवा मजूर राबतात, त्यांनी ठरलेली मजुरी ठरल्या वेळी द्यावी. मजुराचा पैसा उद्यावर ढकलून जो उपासनेत पुढच्या रांगेत बसतो, त्याने सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूस ओळखले आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

दुसरे सत्य हे की, प्रभु आमच्या पापांसाठी मेला. येथे एक खरोखरीच कठीण प्रश्न उत्पन्न होतो. सर्व ऋण जर त्याने फेडले, तर आता आम्ही सावधगिरीने कशाला वागावे? हा प्रश्न नवा नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने तो स्वतःच काढून त्याचा धिक्कार केला आहे. ह्याचे उत्तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टांतात फार स्पष्ट सापडते. एका चाकरास राजाने दहा हजार तालांतांचे कर्ज सोडिले; पण तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरू लागला. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात सुमारे सहा हजार दीनार होत. तेव्हा हिशेब करून पाहा: राजाने सोडिलेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे, आणि सोबत्याकडचे येणे शंभर दिवसांच्या मजुरीएवढे. पहिले दुसऱ्याच्या सहा लाख पट आहे.

पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण उपदेश करिताना ती बहुधा सुटते. शंभर दिवसांची मजुरी ही गरिबास क्षुल्लक रक्कम नव्हे. तीत त्याच्या घरची तीन महिन्यांची भाकर आहे. म्हणजे शेजाऱ्याने तुमचा केलेला अन्याय अगदी लहान आहे, असे प्रभु म्हणत नाही. तो खरा आहे, तो दुखतो, हे प्रभु जाणतो. तो इतकेच सांगतो की, तुम्हांस जे सोडिले आहे ते ह्याहून फारच मोठे आहे. बांधाच्या हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे तारखांस जातात, वकिलांची घरे भरतात, आणि आईच्या मरणालाही एकमेकांशी बोलत नाहीत, हे आपण पाहतो. अशा दोघा भावांनी वधस्तंभाखाली उभे राहून तो हातभर बांध एकदा मोजून पाहावा.

तरीही क्षमेच्या नावाखाली अन्याय झाकला जाऊ नये. दारूच्या धुंदीत बायकोस मारणारा नवरा सकाळी रडून क्षमा मागतो आणि संध्याकाळी पुन्हा हात उगारितो. अशा बाईस, "बाई, क्षमा कर आणि गप्प बैस," एवढेच सांगून जो उपदेशक घरी जातो, त्याने वधस्तंभाचा संदेश दिला नाही. वधस्तंभावर पाप झाकले गेले नाही, उघडे केले गेले. त्याची पुरी किंमत तेथे मोजली गेली. म्हणून त्या बाईचे रक्षण करणे, मंडळीच्या वडिलांनी त्या पुरुषास धाक लावणे, आणि गरज पडल्यास सरकारच्या कायद्याचा आश्रय घेणे, हे क्षमेच्या विरुद्ध नाही. तसेच, देवाने मला क्षमा केली असे म्हणून जो शेजाऱ्याचे बुडविलेले पैसे परत करीत नाही, त्याने जक्कयाची गोष्ट वाचावी. जक्कयाने चौपट परत देण्याचे वचन दिले ते तारण विकत घेण्यासाठी नव्हे. तारण त्याच्या घरी आले होते, म्हणून त्याची मूठ उघडली.

तिसरे सत्य प्रभूच्या पुनरुत्थानाचे. आपल्या भागात केळीची बाग कोणी पाहिली नाही असा मनुष्य मिळणार नाही. केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की त्याचे काम संपते आणि ते कापून टाकितात. पण त्याच्या बुडाशी नवे कोंब आधीच वर आलेले असतात. पुनरुत्थान समजावून सांगताना हा दाखला द्यावा असे सहज मनात येते. तो काही अंशी उपयोगी आहे, कारण एकाच्या मरणातून पुष्कळांस जीवन मिळते हे त्यात दिसते. आणि गव्हाच्या दाण्याचा असाच दाखला प्रभूने स्वतः दिला आहे. परंतु केळीचा दाखला येथे अपुरा पडतो, हेही उपदेशकांनी सांगितले पाहिजे. नवा कोंब वाढतो, पण जुने झाड गेले ते गेलेच. प्रभूच्या बाबतीत तसे नाही. त्याची आठवण जिवंत राहिली, किंवा त्याचे शिष्य वाढले, एवढाच पुनरुत्थानाचा अर्थ नव्हे. जो मेला तोच उठला, आणि त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. हे जर घडले नसेल तर आपला विश्वास फुकट आहे, असे पौल करिंथकरांस स्पष्ट सांगतो.

ह्याचा घरातील व्यवहाराशी संबंध असा. मूल तापाने फणफणले, घुबड ओरडले, किंवा अमावास्येच्या रात्री कोणी आजारी पडला, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेली घरेसुद्धा गुपचूप भगताकडे जातात. त्यांस आम्ही केवळ रागे भरत नाही, कारण भीती ही फार जुनी मालकीण आहे. पण ज्या धन्याने मरणाचे दार आतून उघडले, त्याच्या माणसांनी लिंबूमिरचीपुढे थरथर कापावे काय? साप चावला तर मंत्र नको, तात्काळ दवाखाना गाठा. औषध घेणे हा अविश्वास नव्हे. लूक स्वतः वैद्य होता. देह पुन्हा उठणार आहे असे जे मानितात, ते देहाची हेळसांड करीत नाहीत. पंडिता रमाबाई ह्यांचे उदाहरण पाहा. सन १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या, आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींस त्यांनी केडगावास आणून आसरा दिला. त्याच रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकांस समजेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि ते काम संपवून सन १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. मुलींच्या पोटात भाकर आणि हातात शास्त्र, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच विश्वासाने केली.

चौथे सत्य हे की, येशू प्रभु आहे, आणि त्याच्यावाचून आपला दुसरा धनी नाही. हे म्हणणे सर्वांत सोपे आणि मानणे सर्वांत कठीण, कारण येथे ते आपल्या जातीवर येऊन आदळते. एकाच मेजावरची भाकर खाणारे आणि एकाच प्याल्यास ओठ लावणारे लोक घरी गेल्यावर मुलामुलींच्या सोयरिकी जुळविताना पूर्वीची जात विचारितात, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाई टिळक ह्यांनी आपल्या स्मृतिचित्रे ह्या ग्रंथात आपले सोवळे कसे सुटले ते सांगितले आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांनी सन १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे पतीकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले अन्नपाणी वेगळे ठेविले. नंतर विचार करिता करिता त्यांस पटले की, हे भेद देवाने केलेले नाहीत, मनुष्यांनी केलेले आहेत. आणि मग त्यांनी ते मनापासून टाकिले. सन १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे सोवळे बाप्तिस्म्याच्या आधीच सुटले. आपल्यांतील कित्येकांचे बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या लोटल्या तरी सुटत नाही.

आणखी एक उदाहरण आपल्या खानदेशचेच आहे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. फैजपूरच्या अधिवेशनासाठीही ते झटले. ते ख्रिस्ती नव्हते. तरी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य म्हटलेल्या लोकांस उघडावे म्हणून त्यांनी सन १९४७ च्या मे महिन्यात आपले प्राण पणास लाविले, आणि ते दार उघडले. एका हिंदू बंधूने आपल्या देवाच्या दारासाठी उपास केला. आपल्या मंडळीतील अदृश्य दारे उघडावी म्हणून आपण काय केले? दाराला कुलूप नसले म्हणजे ते उघडे असते असे नाही.

येथे कोणी म्हणेल, "मग ख्रिस्ती नसलेले लोक आमच्याहून चांगले वागत असतील, तर आमच्या विश्वासाचे विशेष ते काय?" असे लोक आहेत हे आपण आनंदाने कबूल करावे, कारण चांगुलपणा जेथे आहे तेथे तो देवाकडूनच आलेला आहे. आपल्या विश्वासाचे विशेष हे नव्हे की, आपण शेजाऱ्याहून श्रेष्ठ ठरतो. विशेष हे की, आपण श्रेष्ठ नाही हे निर्भयपणे कबूल करण्याची जागा आपणांस मिळाली आहे. जो स्वतःच्या पुण्याईवर उभा आहे त्यास आपली चूक लपवावी लागते. जो कृपेवर उभा आहे तो ती उघड करून सुधारू शकतो. झाडास फळे येतात म्हणून झाड जिवंत होत नाही; ते जिवंत असते म्हणून त्यास फळे येतात. परंतु वर्षांमागून वर्षे गेली आणि एकही फळ आले नाही, तर मुळाशी खणून पाहणे हे शहाण्या माळ्याचे कर्तव्य आहे.

तेव्हा उपदेशक बंधूंनो, आपणांस आमची एक विनंती आहे. विश्वासांगीकार शिकविताना प्रत्येक वाक्याबरोबर त्या आठवड्यातील एक काम लोकांच्या हाती द्या. प्रभु मनुष्य झाला हे ज्या दिवशी शिकवाल, त्या दिवशी मजुरीचा हिशेब चुकता करावयास सांगा. तो मेला हे शिकवाल तेव्हा, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी जावयास सांगा. तो उठला हे शिकवाल तेव्हा घरातील गंडेदोरे सोडवा आणि आजाऱ्यास दवाखान्यात पोहोचवा. तो प्रभु आहे हे शिकवाल तेव्हा, ज्या घरचे पाणी आजवर घेतले नाही त्या घरी जाऊन जेवा. आणि हे शेवटचे काम पहिल्याने तुम्ही आम्ही पाळकांनी व उपदेशकांनी करावे, कारण मेंढरे मेंढपाळाच्या मागून चालतात.

ज्या प्रभूने नासरेथासारखे खेडे हलके मानिले नाही, तो आपल्या खेड्यासही हलके मानणार नाही. मोठ्या सभा भरतात आणि उठतात. तो मात्र आपल्या चुलीपाशी, विहिरीपाशी व शेताच्या बांधावर आपल्याबरोबर राहावयास तयार आहे. आपण जे मुखाने कबूल करितो ते हातांनी करावयास त्याचा पवित्र आत्मा आपणां सर्वांस सामर्थ्य देवो. आमेन.